तिसऱ्या पुस्तकाचा प्रश्न : साम्यवादी राजवटीतील खेळाडू-कामगाराच्या आठवणी

१

पूर्व युरोपातील साम्यवादी राजवटी १९८९ मध्ये कोसळल्यानंतर त्या राजवटींखाली गेलेल्या आयुष्यांच्या आठवणींना एकाएकी मोठे वाङ्मयीन महत्त्व प्राप्त झाले. या लेखनाच्या वाचनाच्या दोन रीती लवकरच रूढ झाल्या. पहिली रीत साक्षीची. तिच्या दृष्टीने प्रत्येक आठवण ही एक जबानी असते आणि लेखक बळी होता, बंडखोर होता की भागीदार होता, एवढे ठरले की वाचनाचे काम संपते. दुसरी रीत स्मरणरंजनाची. तिला त्या काळातील वस्तू, चवी, गणवेश, संचलने हवी असतात. हरवलेल्या जगाची उब हवी असते. या दोन्ही रीती परस्परविरोधी वाटल्या तरी त्यांचे गृहीतक एकच आहे : आठवण सांगणाऱ्या माणसाचे आयुष्य हे राजवटीचे उदाहरण असते.

या गृहीतकाची मर्यादा ज्या लेखनात विशेष स्पष्ट होते, ते म्हणजे आयुष्यभर नोकरी करीत खेळत राहिलेल्या माणसांचे स्मरणलेखन. त्यातही चालण्याच्या शर्यतीत उतरणाऱ्याची गोष्ट लक्षणीय आहे. हा खेळ मैदानी क्रीडाप्रकारांच्या कडेला उभा असलेला खेळ आहे. त्यात फुटबॉलसारखी गर्दी नाही, जिम्नॅस्टिक्ससारखे सौंदर्य नाही. कमरेच्या विशिष्ट हालचालीमुळे बघ्यांच्या हशाचा विषय होण्याचीच शक्यता अधिक. वीस किंवा पन्नास किलोमीटरांची तयारी सार्वजनिक रस्त्यावर, पाळी सुटल्यावर किंवा सुरू होण्यापूर्वी करावी लागते. साधने थोडी लागतात आणि वय झाल्यावरही हा खेळ सोडावा लागत नाही. त्यामुळे तो एखाद्याच्या आयुष्यात पाच-सात वर्षांच्या वैभवाचा कालखंड म्हणून येत नाही. नोकरीइतकाच दीर्घ, नोकरीला समांतर असा धागा म्हणून येतो. अशा माणसाच्या आठवणी वाचताना ‘राजवटीने त्याचे काय केले’ हा प्रश्न आवश्यक असला तरी पुरेसा ठरत नाही. राजवटीने दिलेल्या काळातून आणि साधनांतून त्याने स्वतःसाठी काय घडवले, हा प्रश्नही विचारावा लागतो. हा दुसरा प्रश्न समीक्षेला विचारता येतो का आणि विचारताना पहिला प्रश्न टाळला जाण्याचा धोका कसा सांभाळायचा, हा येथील विवेचनाचा विषय आहे.

२

साम्यवादी व्यवस्थेत श्रम आणि खेळ यांची सांगड केवळ प्रचारापुरती नव्हती. ती संस्थात्मक होती. सोव्हिएत संघात १९३१ साली सुरू झालेल्या शारीरिक चाचण्यांच्या कार्यक्रमाचे नावच ‘श्रमास आणि संरक्षणास सज्ज’ असे होते. पूर्व जर्मनीत कारखान्यांशी जोडलेली क्रीडामंडळे उद्योगक्षेत्रांनुसार ओळखली जात : रसायन उद्योगाचे ‘केमी’, वीजनिर्मितीचे ‘टुर्बीने’, रेल्वेचे ‘लोकोमोटिव्ह’, शेतीचे ‘ट्राक्टोर’. चेकोस्लोव्हाकियात खाणकामगारांचे ‘बानिक’ होते. खेळाडूच्या छातीवर त्याच्या धंद्याचे नाव असे. ऑलिंपिकच्या हौशीपणाच्या नियमामुळे अव्वल खेळाडूदेखील कागदोपत्री सैनिक, विद्यार्थी किंवा कामगारच असत. साधा खेळाडू तर खरोखरच कामगार असे.

मात्र ही सांगड साम्यवादाने शून्यातून निर्माण केली असे मानणे चुकीचे ठरेल. एमिल झाटोपेक यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदके मिळवली. परंतु त्यांची धावण्याची सुरुवात झ्लिन येथील बाटा कंपनीच्या बुटांच्या कारखान्यात, मालकाने पुरस्कृत केलेल्या शर्यतीत, मनाविरुद्ध उतरावे लागल्याने झाली होती. कारखान्याने कामगाराच्या शरीरावर फावल्या वेळेतही हक्क सांगणे, ही औद्योगिक समाजाची जुनी प्रवृत्ती आहे. साम्यवादी राज्याने तिला राष्ट्रीय योजनेचे रूप दिले. हे ध्यानात घेतले नाही, तर स्मरणलेखनातील प्रत्येक सक्ती ‘साम्यवादी’ आणि प्रत्येक आनंद ‘साम्यवाद असूनही’ असा वाचला जाण्याची शक्यता असते.

वाङ्मयीन दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की या व्यवस्थेत सामान्य माणसाला स्वतःचे आयुष्य लिहिण्याची सवय फार लवकर लावली जाई. पक्षप्रवेश, महाविद्यालयीन प्रवेश, नोकरी, परदेशी जाणाऱ्या संघातील निवड अशा प्रसंगी स्वहस्ते लिहिलेले आत्मवृत्त द्यावे लागे : आईवडिलांचा वर्ग कोणता, युद्धकाळात कुटुंब कोठे होते, नातेवाईक परदेशात आहेत काय. आत्मचरित्र हा येथे अंतर्मुखतेचा नव्हे, तर अर्जाचा प्रकार होता. त्याला साहित्यिक जोडही होती. माक्सिम गॉर्कींच्या पुढाकाराने १९३१ मध्ये ‘कारखान्यांचा इतिहास’ ही प्रचंड योजना आखली गेली, तिच्यात कामगारांच्या आठवणी संकलित झाल्या. त्याच प्रकाशनयोजनेतून १९३४ साली श्वेतसमुद्र-बाल्टिक कालव्याविषयीचे कुप्रसिद्ध पुस्तक निघाले आणि त्यात सक्तमजुरीच्या कैद्यांची आयुष्ये ‘नव्याने घडवलेल्या माणसां’च्या कथा म्हणून मांडली गेली. पूर्व जर्मनीत १९५९ च्या बिटरफेल्ड परिषदेने कामगारांना लेखणी हाती घेण्याचे आवाहन केले; कारखान्यांतून लिहित्या कामगारांची मंडळे निघाली, कामाच्या तुकड्या आपापल्या रोजनिश्या ठेवू लागल्या.

फिलिप लजन यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या ‘आत्मचरित्रात्मक करारा’च्या कल्पनेनुसार लेखक, निवेदक आणि नायक एकच असल्याची हमी लेखक वाचकाला देतो. साम्यवादी व्यवस्थेतील आत्मवृत्तात हा करार होताच, पण समोरचा पक्ष वाचक नसून परीक्षक होता. १९८९ नंतर वृद्धापकाळी आठवणी लिहायला बसलेला माणूस म्हणूनच पहिल्यांदा आत्मचरित्र लिहीत नसतो. त्याचे पहिले आत्मचरित्र कार्यालयाच्या कपाटात असते. दुसरे त्याच्या नकळत इतरांनी लिहिलेले, गुप्त पोलिसांच्या दप्तरात असू शकते. जर्मनीत अशी दप्तरे १९९१ अखेरच्या कायद्यानुसार संबंधितांना खुली झाली. आता जे लिहिले जाते ते तिसरे असते आणि आधीच्या दोहोंचे सावट त्याच्यावर पडलेले असते.

३

‘तिसरे’ हा शब्द येथे योगायोगाने आलेला नाही. उवे योन्सोन यांची ‘अखिमविषयीचे तिसरे पुस्तक’ ही कादंबरी १९६१ साली, बर्लिनची भिंत उभी राहिली त्याच वर्षी, प्रसिद्ध झाली. लेखक स्वतः १९५९ मध्ये पूर्वेकडून पश्चिम बर्लिनला आलेला. कादंबरीतील कार्श हा हाम्बुर्गचा पत्रकार पूर्व जर्मनीत जातो आणि तेथील लोकप्रिय सायकलपटू अखिम याचे चरित्र लिहिण्याचे काम त्याच्याकडे येते. अखिमवर दोन पुस्तके आधीच निघालेली आहेत. तिसऱ्याकडून प्रकाशनसंस्थेची अपेक्षा अशी, की एका मुलाच्या वाढीतून एका राज्याची वाढ दिसावी. कार्शला मिळणारा तपशील या आकृतिबंधात बसत नाही. पुढे एक छायाचित्र त्याच्या हाती येते : १७ जून १९५३ च्या उठावाच्या वेळी रस्त्यावर उतरलेल्या निदर्शकांत अखिमसारखा दिसणारा तरुण आहे. अखिमला ते मान्य नाही. पुस्तक लिहिले जात नाही; उरते ती ते का लिहिले गेले नाही याची, प्रश्नोत्तरांच्या रूपात सांगितलेली हकीकत.

या कादंबरीचे वाचन बहुधा ‘दोन जर्मनींमधील भाषेची दरी’ या सूत्राने केले जाते. ते योग्यच आहे. परंतु खेळाडूच्या स्मरणलेखनाच्या संदर्भात तिचे महत्त्व निराळे आहे. कार्श आणि प्रकाशनसंस्था परस्परांच्या विरोधी टोकांना आहेत. तरीही दोघांनाही अखिमच्या आयुष्यातून काहीतरी सिद्ध व्हायला हवे आहे. संस्थेला निष्ठा हवी आहे, कार्शला छायाचित्रातला क्षण हवा आहे. अखिम स्वतः मात्र सर्वांत मोकळेपणाने बोलू शकतो ते सायकल, चढ, वेग यांविषयी. हे त्याचे पळवाट काढणे आहे की ते खरोखरच त्याचे ज्ञान आहे, याचा निर्णय योन्सोन करीत नाहीत. निर्णय न करण्यातच या कादंबरीचे नैतिक बळ आहे. छायाचित्र पुसले जात नाही आणि छायाचित्राने आयुष्यही पुसले जात नाही.

झान एशनोज यांची झाटोपेक यांच्यावरची ‘कुरीर’ (२००८) ही फ्रेंच कादंबरी याउलट दिशेने जाते. १९६८ मध्ये झाटोपेक यांनी ‘दोन हजार शब्द’ या सुधारणावादी जाहीरनाम्यावर सही केली. पुढे त्यांना सैन्यातून आणि पक्षातून काढले गेले, भूगर्भ-सर्वेक्षणाच्या तुकड्यांबरोबर कष्टाची कामे करावी लागली, आणि काही काळाने त्यांनी जाहीर माघारही घेतली. एशनोज यांचा मिस्कील, तटस्थ निवेदक नायकाला त्याच्या सौम्यपणासह स्वीकारतो. वाचन आनंददायक होते. पण सही आणि माघार यांच्यामधला ताण निवेदनाच्या गोडव्यात विरघळून जातो. योन्सोन यांचा कार्श अडखळतो, एशनोज यांचा निवेदक अडखळत नाही. स्मरणलेखनाच्या समीक्षेने शिकायचे आहे ते अडखळण्याकडून.

४

अखिम आणि झाटोपेक ही कीर्तीची उदाहरणे आहेत. ज्याला पदक मिळाले नाही, ज्याच्यावर पहिलेही पुस्तक निघाले नाही, अशा माणसाच्या आठवणी कोणत्या संकल्पनेने वाचाव्यात? येथे क्रीडासाहित्याबाहेरचा एक ग्रंथ उपयोगी पडतो. हंगेरियन लेखक मिक्लोश हाराश्ती यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी बुडापेस्टच्या ‘लाल तारा’ ट्रॅक्टर कारखान्यात मशीनवर काम केले आणि त्या अनुभवावर ‘नगावारी मजुरी’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे पुस्तक लिहिले. त्यासाठी त्यांच्यावर खटला झाला. कामगारांच्या राज्यात कामगार कोटा आणि दर यांच्या पकडीत कसा पिळला जातो, याचे ते निर्दय वर्णन आहे. त्यात ‘फुशी’ या कारखानी शब्दाला मोठे स्थान आहे. फुशी म्हणजे कारखान्याच्या मशीनवर, कारखान्याच्या टाकाऊ धातूतून, कामाच्या वेळेत कामगाराने गुपचूप स्वतःसाठी बनवलेली वस्तू : किल्लीची साखळी, रक्षापात्र, एखादे शोभेचे भांडे. तिची बाजारात किंमत नाही. पण संपूर्ण कारखान्यात तीच एक वस्तू अशी असते, जिची कल्पना, आखणी आणि घडण एकाच माणसाची असते. फ्रेंच विचारवंत मिशेल द सेर्तो यांनी १९८० मध्ये दैनंदिन जीवनाच्या मीमांसेत अशाच प्रथेचा विचार केला, तो फ्रान्समधील कारखान्यांच्या संदर्भात. म्हणजे ही प्रथा एका राजवटीची नव्हे. दुसऱ्याच्या ताब्यातील काळातून आपला काळ काढून घेण्याची ती रीत आहे.

कामगार-खेळाडूच्या आठवणीतील चालणे हे पुष्कळदा अशा फुशीसारखे असते. बूट मंडळाचे, सुट्टी कारखान्याची, प्रवासाचे तिकीट कामगार संघटनेचे. चाल मात्र त्याची. पहाटेच्या रस्त्यावर मोजलेले अंतर, वाऱ्याची दिशा, शेवटच्या दहा किलोमीटरांत मांडीत येणारा पेटका, एका प्रतिस्पर्ध्याशी वीस वर्षे चाललेली अबोल मैत्री, हा तपशील ना निष्ठेचा पुरावा असतो ना बंडाचा. साक्षीच्या रीतीने वाचणारा तो ओलांडून पुढे जातो, स्मरणरंजनाच्या रीतीने वाचणारा त्यावर रेंगाळतो. परंतु त्यातील कर्तृत्वाचा स्वर दोघांच्याही हाती लागत नाही.

तथापि या संकल्पनेला दोन मर्यादा आहेत आणि त्या नोंदल्या नाहीत तर ती स्मरणरंजनाचेच सभ्य रूप ठरेल. पहिली मर्यादा : फुशी लपवावी लागते, खेळ दाखवावा लागतो. तो यशस्वी झाला की राज्य त्याच्यावर आपले नाव घालते. मेलबर्न येथील १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये वीस किलोमीटर चालण्याची शर्यत प्रथमच झाली आणि तिन्ही पदके सोव्हिएत संघाला मिळाली. पहिला लेओनिद स्पिरिन रशियाचा; दुसरा आंतानास मिकेनास लिथुआनियाचा; तिसरा ब्रुनो युंक एस्टोनियाचा. शेवटच्या दोघांचे देश १९४० मध्ये सोव्हिएत संघाने गिळलेले. विजयमंचावर एकच ध्वज तिनदा चढला. त्या प्रसंगाची आठवण कोणत्या देशाची, हा प्रश्न पुढे त्या देशांना स्वातंत्र्य मिळाल्यावर मागे जाऊन उत्तरता येत नाही. युक्रेनमधील सुमी येथील व्लादिमिर गोलुब्निची यांचेही तसेच : १९६० आणि १९६८ ची सुवर्णपदके, १९६४ चे कांस्य, १९७२ चे रौप्य, सारी सोव्हिएत नावावर. २०२१ साली त्यांचे निधन झाले ते स्वतंत्र युक्रेनचे नागरिक म्हणून.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. पूर्व जर्मनीत १९७४ पासून उत्तेजक द्रव्यांचा वापर राज्याच्या गुप्त संशोधन योजनेचा भाग झाला. अधिकृत कागदांत त्यांना ‘साहाय्यक द्रव्ये’ असे सोज्ज्वळ नाव होते. अल्पवयीन मुलींनाही ती त्यांच्या नकळत दिली गेली आणि पुढे २००० साली क्रीडासंघटनेचे माजी प्रमुख मान्फ्रेड एवाल्ड यांना बर्लिनच्या न्यायालयाने त्याबद्दल दोषी ठरवले. हे जेथे घडले तेथे ‘राज्याच्या साधनांतून घडवलेले स्वतःचे काही’ ही भाषा अपुरी, प्रसंगी क्रूर ठरते. कारण तेथे राज्याने शरीरातच कारखाना काढला होता. म्हणून अशा लेखनात मौन कोठे आहे, गोळ्या, डॉक्टर, सोबतच्या खेळाडूंचे आजार यांविषयी वाक्ये कोठे तुटतात, हे पाहणे समीक्षेला टाळता येत नाही.

५

मौन आणि कर्तृत्व एकाच वेळी वाचायचे तर लेखनाच्या आशयाइतकेच त्याच्या स्वराकडे लक्ष द्यावे लागते. चालण्याच्या शर्यतीचा नियम येथे सूचक आहे. एक पाय सतत जमिनीला टेकलेला हवा. पुढे पडलेला पाय जमिनीला लागल्यापासून देह त्याच्यावर उभा येईपर्यंत गुडघ्यात सरळ हवा. नियमांची शब्दरचना वेळोवेळी बदलली, पण पारख पंचाच्या नुसत्या डोळ्यांनी करायची हे तत्त्व टिकले. या खेळाकडे पाहताना ‘सतत पहाऱ्याखाली चालणारा नागरिक’ हे रूपक चटकन सुचते. ते नाकारले पाहिजे. तोच नियम इटलीतल्या आणि मेक्सिकोतल्या शर्यतीतही पाळला जातो. पंच म्हणजे गुप्त पोलीस नव्हे. पंचाची ताकीद रस्त्यावरच, खेळाडूच्या डोळ्यांसमोर फलक धरून दिली जाते. दप्तरातील नोंद दशकांनंतर वाचायला मिळते.

रूपकापेक्षा भेद अधिक बोलका आहे. खेळाच्या नियमाविषयी बोलताना अशा निवेदकाच्या स्वरात आस्था येते : कोणत्या पंचाची नजर कडक, थकवा आल्यावर गुडघा कसा सरळ ठेवायचा, बाद होणे न्याय्य होते की नव्हते. राज्याच्या नियमाविषयी बोलताना तोच स्वर सपाट, कार्यालयीन होतो. कर्मणी प्रयोग वाढतात, ‘पाठवले गेले’, ‘सांगण्यात आले’, ‘नाव वगळले गेले’ अशा कर्ताहीन वाक्यांची रांग लागते. या व्याकरणिक पालटात पहिल्या, अर्जातल्या आत्मचरित्राची भाषा पुन्हा डोके वर काढते. निवेदक काय लपवतो याची खूण त्यात असते. आणि कोणत्या नियमाला त्याने आपला मानले, याचीही.

काळाच्या मांडणीतही असाच भेद दिसतो. इतिहासाच्या दृष्टीने १९५३, १९६८, १९८९ हे दुभंगाचे आकडे आहेत. चालणाऱ्याचे शरीर दुसरी कालगणना ठेवते. हार्टविग गाउडर यांचे उदाहरण टोकाचे आहे. १९५४ साली पश्चिम जर्मनीत जन्मलेले गाउडर १९६० मध्ये, भिंत उभी राहण्याच्या आदल्या वर्षी, कुटुंबासह पूर्वेला आले. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये पन्नास किलोमीटरचे सुवर्ण, १९८७ मध्ये जागतिक विजेतेपद, १९८८ मध्ये कांस्य, हे पूर्व जर्मनीसाठी. १९९१ च्या जागतिक स्पर्धेतील कांस्य एकत्र जर्मनीसाठी. पुढे विकाराने त्यांचे हृदय निकामी झाले, काही काळ यांत्रिक हृदयावर काढावा लागला, १९९७ मध्ये प्रत्यारोपण झाले आणि १९९८ मध्ये न्यूयॉर्क मॅरेथॉनचे अंतर त्यांनी चालून पार केले. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. या आयुष्याची विभागणी राज्यव्यवस्थांनी करायची की हृदयांनी? त्यांच्या एका पुस्तकाच्या शीर्षकात दोन आयुष्ये आणि तीन हृदये मोजली आहेत. ही मोजणी मंत्रिमंडळाने किंवा पक्षाने करण्याजोगी नाही. याचा अर्थ १९८९ महत्त्वाचे नव्हते असा नव्हे. अर्थ इतकाच, की दुभंग कोठे झाला हे ठरवण्याचा अधिकार सांगणाऱ्याकडे काही प्रमाणात तरी राहिला पाहिजे.

६

मराठी वाचकाला साम्यवादी देशांतील जीवनाची ओळख प्रामुख्याने अनुवादित रशियन साहित्यातून आणि अण्णा भाऊ साठे यांच्या ‘माझा रशियाचा प्रवास’ यासारख्या प्रवासवर्णनांतून झाली. प्रवासवर्णन हे पाहुण्याचे लेखन असते. त्यातील कामगार यजमान म्हणून भेटतो, कंटाळलेला किंवा घाबरलेला म्हणून क्वचितच. दुसरीकडे दलित आत्मकथनांनी याच वाचकाला आत्मपर लेखन साक्ष म्हणून गांभीर्याने वाचायला शिकवले. ही दुसरी कमाई मोठी आहे. परंतु साक्षीचे निकष अशा लेखनाला जसेच्या तसे लावले, तर ज्याच्याकडे ना बंड आहे ना उघड अन्याय, त्याचे आयुष्य वाङ्मयीन दृष्ट्या निरर्थक ठरते. बहुसंख्य आयुष्ये अशीच असतात, सर्वच राजवटींत.

समीक्षक या लेखनासमोर उभा राहतो तो कार्शच्या जागी : बाहेरून आलेला, सुरक्षित, हातात छायाचित्र असलेला. छायाचित्र खिशात घालून ठेवण्याचा अधिकार त्याला नाही. ज्यांच्या शरीरांवर प्रयोग झाले, ज्यांची नावे संघातून वगळली गेली, त्यांचे देणे त्या प्रश्नात आहे. पण छायाचित्र दाखवून झाल्यावर समोरचा माणूस चढ, वारा आणि गुडघा यांविषयी बोलू लागला, तर ते ऐकण्याची तयारीही त्याच्यापाशी हवी. त्या बोलण्यात टाळाटाळ किती आणि ज्ञान किती, याचा निवाडा आधी ठरवून ठेवता येत नाही. प्रत्येक संहितेच्या वाक्यावाक्यात तो नव्याने करावा लागतो. अखिमविषयीचे तिसरे पुस्तक लिहिले गेले नाही, कारण त्याच्याकडून काय सिद्ध व्हावे हे लिहिण्यापूर्वीच ठरलेले होते. ज्यांनी आपले तिसरे पुस्तक स्वतः लिहायला घेतले, त्यांच्या बाबतीत तरी ती घाई टाळता येण्याजोगी आहे.